बटण दाबलंय, जा

महादेवप्पा बिराजदार हा माणूस घरी साधा बल्ब बदलायचा असला तरी आधी मेन पाडायचा, मग स्टुलावर चढायचा. त्यांच्या बायकोनं, गौराबाईंनी, मला हे कौतुकानं कमी आणि वैतागून जास्त सांगितलं होतं. "मिक्सरमध्ये चटणी अर्धी ऱ्हायली तरी ह्यांचं न्हाय म्हंजे न्हाय. पयला मेन. मग टेस्टर. मग परत टेस्टर. बल्ब हाय का वाघ हाय, म्हणते मी."

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात त्यांना सगळे अप्पा म्हणत. कारखाना अक्कलकोट रोडला. मी ऑफिसात मस्टर आणि पत्रव्यवहार बघते, त्याला अठरा वर्षं झाली. अप्पा माझ्याही आधीपासूनचे. गाव अक्कलकोटच्या पुढं, घरात कानडी. आमच्याशी मराठी बोलत, पण एखादा नट सुटला नाही की तोंडातून कानडी निघायचं, आणि ते कळत नाही हेच बरं असायचं. कपाळावर भस्माची बोटं, गळ्यात लिंग, सदऱ्याच्या खिशात टेस्टर. वायरमनच्या परीक्षेला पहिल्यांदा तोंडीत नापास झाले होते, दुसऱ्यांदा पास. परमिटचा कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून घरी देव्हाऱ्यामागं ठेवलेला होता. मला त्याची झेरॉक्स दर नूतनीकरणाला लागायची, तेव्हा ते स्वतः घेऊन यायचे आणि समोर उभं राहून परत घेऊन जायचे. टेबलावर ठेवून जा म्हटलं तर ऐकायचे नाहीत.

असा हा माणूस. म्हणूनच पुढचं सांगताना मलाच कसंतरी होतं.

रंगखात्यात भिंतीवर सिद्धेश्वर महाराजांचा मोठा फोटो आहे. थोरले मालक होते तेव्हा एकदा मंदीत कारखाना बंद पडायची वेळ आली होती. तेव्हा त्यांनी बोलून टाकलं, कारखाना तरला तर ह्या फोटोपुढचा दिवा आपल्या हातानं कधी विझवणार नाही. तरला. रंगखात्यात वाफ आणि पाणी, तेलाचा दिवा टिकेना, म्हणून झिरोचा बल्ब लावायचं ठरलं. ती वायर अप्पांनीच ओढली. जवळ पडेल म्हणून रंगखात्याच्या मेन स्विचमधून ओढली. तेव्हा कुणाच्या डोक्यात काही आलं नाही.

पुढं त्याची रीत झाली. लोखंडी पेटीतला तो मेन, बाजूला दांडा असलेला. तो खाली ओढला की रंगखात्याची सगळी लाईट जाते आणि देवाचा दिवाही जातो. म्हणून तो ओढायचाच नाही. लोडशेडिंगमध्ये दिवा जायचाच की, पण त्याला लोक म्हणायचे, ते बोर्डानं घालवलं, आपल्या हातानं न्हाय. खंडेनवमीला त्या दांड्याला कुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची. थोरले मालक गेले, धाकटे मुकुंदशेठ आले, त्यांनी नवीन मशीनं आणली, पण दांडा तसाच वर. काही बिघडलं तर मशीनचं लाल बटण दाबायचं, मशीन थांबलं की काम करायचं. किती वर्षं चाललं हे मी नेमकं सांगू शकत नाही. दांड्याला गंज चढला होता इतकं खरं.

मीही रोज सकाळी त्या फोटोला हात जोडून मगच ऑफिसात जात होते. मला तरी कुठं काही वाटलं?

सिद्धलिंग अप्पांच्या हाताखाली नऊ वर्षं होता. मंद्रूपचा. चौतीस वर्षांचा, बायको दुर्गा, दोन मुली, म्हातारी आई बजाबाई. मशीनचा फिटर म्हणून लागला आणि बघत बघत वायरिंगही शिकला. तोंडानं लई चालू. अप्पांना तर सोडायचाच नाही.

"अप्पा, तुमी टेस्टर घिऊनच जलमला काय?"

"व्हय. आनि तू तोंड घिऊन."

"गौराक्कांना हात लावायच्या आदी पन टेस्टर लावताय म्हनं."

"थांब, तुला सांगतो..." आणि मग कानडी.

सगळं खातं हसायचं. अप्पाही दुसरीकडं तोंड करून हसायचे. त्याला परीक्षेला बसवायचं अप्पांनी मनात धरलं होतं. फॉर्म माझ्याकडूनच मागवून घेतला होता.

गेल्या श्रावणातला गुरुवार. सकाळचे अकरा वाजले असतील. ओलं सूत पिळून काढायचं मशीन असतं, त्याला आमच्याकडं हायड्रो म्हणतात. त्याची मोटर घुमायला लागली होती. अप्पा विव्हिंगच्या शेडमध्ये शिडीवर होते. सिद्धलिंग तिथं गेला, दोघांचं काही बोलणं झालं, आणि तो रंगखात्यात परत आला. मोटरच्या वायरी जिथं जोडतात त्या डबीचं झाकण त्यानं काढलं. खाली पाणी. पायात स्लीपर.

पुढचं मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही, आणि पाहिलं नाही हे देवाचे उपकार. आरडाओरडा ऐकून अप्पा धावत आले. हायड्रो थांबलेलीच होती. तरी त्यांनी लाल बटण परत परत दाबलं. मग मेनच्या दांड्याला लटकले. दांडा हलेना. गंजलेला. पान्ह्यानं ठोकला, पायानं रेटला, तिसऱ्या की चौथ्या हिसक्याला खाली आला. तेव्हा सिद्धलिंग सुटून पडला. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुकुंदशेठनी मला आणि अप्पांना केबिनमध्ये बोलावलं. चौकशी होणार, विद्युत निरीक्षकांच्या ऑफिसातून माणूस येणार, त्याआधी अप्पांचा जबाब लिहून ठेवायचा होता. शेठ बोलले, मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून असले कागद माझ्याकडेच येतात. 'कारखान्यात मेन स्विच बंद करूनच दुरुस्ती करण्याची पद्धत असताना सदर कामगाराने कोणासही न विचारता, घाईने व निष्काळजीपणे, मोटरची जोडणी उघडली.' हे वाक्य मी लिहिलं. हात थांबला नाही. आता इथं ते का लपवू?

पद्धत कुठं होती? तेवढं मला माहीत होतं. 'कोणासही न विचारता' हे मात्र मला तेव्हा खरं वाटलं.

शेठ अप्पांना म्हणाले, "अप्पा, गेलेला माणूस काही परत येत नाही. तुमचं परमिट गेलं तर ह्या वयात कुठं जाणार? मुलगी सृष्टी बारावीला आहे ना तुमची?"

अप्पांनी सही केली. पेन दोनदा उमटलं नाही, मी दुसरं दिलं.

त्यानंतर अप्पा दुपारी डबा उघडायचे आणि तसाच बांधून ठेवायचे. इकडं सुपरवायझरनं कुणापाशी तरी म्हटलं, "घेतली असंल सकाळी सकाळी, न्हायतर एवढा हुशार गडी असं करतोय व्हय." म्हटलं ते म्हटलं, पण कारखान्यात मंद्रूपकडची चार-पाच माणसं आहेत. दोन दिवसांत ते गावात पोचलं. गावात पोचलं म्हणजे माणूस दुसऱ्यांदा मेला.

दहाव्यानंतर बजाबाई आल्या, पुतण्याला घेऊन. मुलाचा डबा आणि चपला न्यायला. मी त्यांना ऑफिसात बसवलं, पाणी दिलं. पाण्याला हात न लावता त्यांनी विचारलं,

"बाई, तुमी शिकल्याल्या हाय. खरं सांगा. माजं पोरगं पिऊन आलतं का?"

मी म्हटलं, "नाही हो मावशी. तो कधी प्यायचा?"

"मग न इचारता कसा काय हात घातला? ल्हानपणी दुसऱ्याच्या बांधावरचं बोर इचारल्याबिगर तोडलं न्हाय त्यानं. दुर्गी रातध्याड तेच म्हणती, आत्ती, इचारल्याबिगर करनारं मानूस न्हवतं ते."

अप्पा दारात उभे होते. डबा आणि चपलांची पिशवी त्यांच्याच हातात होती. त्यांनी ती पुतण्याच्या हातात दिली आणि निघून गेले. बजाबाई त्यांच्या पाठीकडं बघून म्हणाल्या, "ह्यांनी लई जीव लावला माज्या लेकराला." मला तेव्हा काही कळलं नाही. अप्पा दुःखात आहेत एवढंच वाटलं.

पुढच्या मंगळवारी निरीक्षक मॅडम आल्या. तिशीच्या असतील, बारीक, चष्मा, आवाज हळू. आल्या आल्या रंगखात्याचा मेन बंद करायला लावला आणि त्याला स्वतःच्या बॅगेतलं कुलूप घातलं. अपघातानंतर देवासाठी परत वर केलेला दांडा खाली आला आणि देवापुढचा दिवा गेला. मॅडमनी किल्ली खिशात टाकली, तीनही वायरींना टेस्टर लावून बघितलं, मगच हायड्रोच्या स्टार्टरचं झाकण काढलं. मी पंचनामा लिहायला वही घेऊन उभी. मुकुंदशेठ, सुपरवायझर, अप्पा सगळे भोवती.

"बघा," मॅडम म्हणाल्या. "तीन वायरींचे तीन पॉइंट. बटण दाबल्यावर तिन्ही सुटायला पाहिजेत. दोन सुटलेत. हा तिसरा जळून चिकटलाय."

मी वाकून बघितलं. तांब्याचा एक काळा ठिपका, दुसऱ्याला चिकटलेला. एवढाच. बोराच्या बीएवढा.

शेठ म्हणाले, "पण मॅडम, मशीन तर बंद झाली होती."

"होणारच. मोटर फिरायला तीन लागतात. थांबायला दोन गेले तरी पुरतं. पण तिसऱ्यातून मोटरच्या डबीपर्यंत करंट येऊन थांबलेला. मशीन थांबली म्हणजे करंट गेला असं नसतं ना, शेठ. हे बटण मशीन थांबवायला आहे. माणसाचा हात आत जाण्यासाठी नाही."

मग शेजारच्या नवीन मशीनकडं हात करून त्या म्हणाल्या, तिथं तर ड्राइव्ह आहे, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारी पेटी, पडद्यावर शून्य दिसतं, तेही तसंच, शून्य दिसलं तरी आत करंट असतो. आणि ते भोपळ्यासारखं मोठं लाल इमर्जन्सी बटण? तेही थांबवायलाच. भिंतीवरचा दिव्याचा स्विच एकच वायर तोडतो. मी लिहीत होते, हात पुरत नव्हता.

"मग आमी करायचं तरी काय?" सुपरवायझर जरा घुश्शातच म्हणाला.

"हा." त्यांनी मेनच्या दांड्यावर हात ठेवला. "ह्यानं सगळ्या वायरी एकदम तुटतात, आत चांगलं बोटभर अंतर पडतं, आणि दांडा खाली म्हणजे आतलं खालीच असतं. शिवाय कुलूप बसतं, म्हणजे दुसरा कुणी येऊन वर करू शकत नाही. चांगल्या एमसीबीही चालतात, पण असं अंतर पडतं हे दाखवणारं चिन्ह त्यावर असेल आणि सगळ्या फेज एकदम तुटत असतील तरच. ह्याला आयसोलेशन म्हणतात. करोनात ऐकलाय ना शब्द? तसंच. जिवंत तारेपासून माणूस वेगळा काढायचा. आणि एवढं करून परत टेस्टर. त्याशिवाय बोट लावायचं नाही."

इतका वेळ अप्पा खाली बघत होते. ते एकदम म्हणाले, "म्हाईत होतं, मॅडम."

मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं.

"सगळं म्हाईत होतं मला. परीक्षेला हेच इचारलं होतं. तोंडीला. पयल्यांदा आलं न्हाय, म्हणून नापास केलं. दुसऱ्यांदा पाठ करून गेलो."

शेठ मध्ये पडले. "अप्पा, मॅडमना त्यांचं काम करू द्या."

मॅडमनी फाईलमधून जबाब काढला. माझ्या अक्षरातला. मोठ्यानं वाचला. 'कोणासही न विचारता.' वाचून विचारलं, "हे तुमचंच म्हणणं आहे ना? खाली सही तुमची आहे."

अप्पांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, म्हणा हो म्हणा, सुटा एकदाचे. खरं सांगते, मी तेच मागत होते देवाकडं, त्या फोटोसमोर उभी राहून.

"सही माजी हाय," अप्पा म्हणाले. "म्हणणं खोटं हाय. त्यानं इचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"मी शिडीवर होतो. सिद्धलिंग शिडीखाली येऊन म्हणला, अप्पा, मेन पाडू का? मी म्हणलं, दिवा जाईल की. तो म्हणला, मग टेस्टर तरी द्या. मी म्हणलं, बटण दाबलंय न्हवं, जा. खाली उतरायचा कटाळा केला मी. टेस्टर माज्या खिशात होता."

सुपरवायझर भिंतीकडं बघायला लागला. मॅडमनी मला सांगितलं, "ताई, हे शब्दशः लिहा." मी लिहिलं. ह्या वेळी माझा हात थांबला, दोनदा.

मग जे व्हायचं ते झालं. अप्पांचं परमिट निलंबित झालं. पोलिसांनी निष्काळजीपणाचा गुन्हा घातला, अप्पांवर आणि शेठवर दोघांवर, ते प्रकरण अजून चालू आहे. शेठनी तर अप्पांना मॅडम आल्या त्याच दिवशी गेटबाहेर काढलं होतं. गौराबाई घरी येऊन माझ्यापुढं रडल्या, "घरचा बल्ब मेन पाडून बदलनारा मानूस, आनि तितं काय भूत संचारलं होतं ह्यांच्यात?" मी सोमवारी सिद्धेश्वराला जाते, अजूनही जाते. पण देवानं हा दिवा मागितला होता असं मला वाटत नाही. मागितला आम्हीच, जपला आम्हीच, आणि त्याच्या नावावर आळस केला तोही आम्हीच.

आठवड्यानं अप्पा माझ्या दारात आले. "ताई, मंद्रूपला जायचंय. बाईमाणसापुढं एकटा कसा बोलू? तुमी चला." मी नाही म्हणू शकले नाही. तो खोटा कागद माझ्या अक्षरातला होता.

सकाळच्या एसटीनं गेलो. सिद्धलिंगचं घर वेशीजवळच, पत्र्याचं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. बजाबाई ज्वारी पाखडत होत्या. दुर्गा आतून आली, पदर घेतला, उभी राहिली. बसा म्हणाली नाही, नका बसू असंही म्हणाली नाही.

अप्पांनी उभ्या उभ्याच सांगितलं. जसं मॅडमना सांगितलं तसंच. शिडी, मेन, टेस्टर, सगळं. एक शब्दही कमी केला नाही. बजाबाईंच्या हातातलं सूप खाली टेकलं. त्या पुढं मागं डोलायला लागल्या.

दुर्गानं विचारलं, "मेन पाडू का म्हनून इचारलं?"

"व्हय."

"टेस्टर पन मागितला?"

"व्हय, पोरी."

"पोरी म्हनू नगा." आवाज चढला नाही तिचा. "मंजे त्यांना सगळं कळत होतं."

"व्हय. माज्यापेक्षा जास्त."

तिनं अप्पांकडं बघितलं. मला वाटलं आता शिव्या देईल, काहीतरी फेकून मारेल. अप्पाही त्याचीच वाट बघत असावेत, कारण त्यांनी डोळे मिटले होते. ती सासूकडं वळली. "ऐकलं का आत्ती? इचारलं होतं त्यांनी." मग परत अप्पांकडं. "मला कशाला सांगाय आला? मला ते आदीच म्हाईत होतं. मी बायको हाय त्यांची. ज्यांना खोटं कळलंय, त्यांना सांगा. चला."

आणि ती चप्पल न घालताच अंगणाबाहेर पडली. शेजारच्या दारात एक बाई भाजी निवडत होती. दुर्गा तिच्यापुढं जाऊन थांबली. "काकू, तुमी म्हनला होता न्हवं, पिऊन मेला म्हनून? हे तितले वायरमन हायत. ऐका." अप्पांनी सांगितलं. त्या बाईनं भाजीवरचं डोकं वर केलं नाही. मग पिठाच्या गिरणीपुढं. तिथं तिघं होते. तिथंही सांगितलं, सगळं पहिल्यापासून. एकानं विचारलं, "मग तुमी अजून भाईर कसे हो?" अप्पा म्हणाले, "जामीन हाय. सुटलो न्हाय." मग सलूनपुढं. प्रत्येक वेळी आवाज आणखी बसत होता, पण सांगणं तेच.

पारापाशी आलो तेव्हा ऊन चढलं होतं. अप्पा पाराला हात टेकून उभे राहिले, मी म्हटलं, "दुर्गा, त्यांना जरा बसू दे गं. पाणी पिऊ दे."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "ताई, ग्रामपंचायतीपुढं धा-बारा मानसं असत्यात ह्या टायमाला," ती म्हणाली. "ती उठून गेली तर मग?"

"चल," अप्पा म्हणाले, आणि तिच्या पुढं चालायला लागले.